खताचा खड्डा एजन्सीला द्यायला माझा विरोध का आहे

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. ३० सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून घाईघाईने लावलेली. विषयपत्रिकेवर सातवा विषय: ‘ओला कचरा व खतनिर्मितीचे काम बाहेरील एजन्सीस देणेबाबत.’ फ्लॅटमागे महिना साठ रुपये जास्त पडतील. ८४ फ्लॅटांत कुणालाच ते जड जाणार नाहीत. तरी मी विरोधात हात वर करणार आहे. पार्किंगचा विषय संपल्यावर कुणी काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतं, म्हणून इथेच लिहितोय.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. चाळ म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात, माझे नाही. पहाटेच्या नळावर मी जेवढी भांडणं ऐकली तेवढी पुढे कुठेच ऐकली नाहीत. कोणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, याची नोंद गॅलरीत आपोआप व्हायची. त्याचा जाच काय असतो ते माझ्या बहिणीला विचारा. पण नळ एक, जिना एक, संडास सामायिक. अबोला धरला की काम अडायचं आणि काम अडलं की चार दिवसांत तोंड उघडावंच लागायचं. चाळीतल्या आपुलकीचं निम्मं श्रेय त्या नळाचं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्याच गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. आमच्या चाळीतही मखर पोरं करायची, पताका चिकटवायला खळ कुणाची तरी आई शिजवून द्यायची. आता आमच्या सोसायटीत डेकोरेशनवाला येतो, केटरर येतो, ऑर्केस्ट्रा येतो. आपण वर्गणी जीपे करायची आणि प्लेट घेऊन रांगेत उभं राहायचं. पुढे उभ्या माणसाचं नाव विचारायची वेळच येत नाही.

पुण्यात या सोसायटीत आलो त्याला चौदा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मी बी-३०२च्या काकांना फक्त त्यांच्या स्कूटरवरून ओळखत होतो. मग मार्च २०२० आला. झाडूवाले बंद, माळी बंद, वॉचमन गावाला. जिने झाडायच्या पाळ्या लागल्या. शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट भाजीचा टेम्पो मागवायचो, आणि बँकेतून रिटायर झालेले हेच काका गेटपाशी तोंडाला रुमाल बांधून मेथीच्या जुड्या अशा मोजायचे की जणू कॅश टॅली करतायत. एक जुडी कमी भरली तर टेम्पो हलू द्यायचे नाहीत. पुढे सगळं सुरू झालं, हाऊसकीपिंगची माणसं परत आली आणि आम्ही पुन्हा लिफ्टमध्ये मोबाइल बघायला लागलो.

उरला तो खताचा खड्डा. त्यामागेही पर्यावरणाचा पुळका वगैरे नव्हता, खतप्रकल्पाला महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते म्हणून तो आधीपासून होता. लॉकडाऊनमध्ये तो चालवायला शिकलो आणि नंतरही आठ-दहा जण रविवारी सकाळी जात राहिलो. ओला थर, त्यावर सुका पाला, आंबट ताक शिंपडायचं, आठवड्याने फावड्याने उलटायचं. पाणी जास्त झालं की वास सुटतो, पाला कमी पडला की अळ्या. नारळाची शेंडी टाकणाऱ्याला शिव्या. गणपतीनंतर निर्माल्याचा ढीग असतो, त्यातला दोरा आणि प्लॅस्टिकची जर निवडत बसावं लागतं. ते करताना माणसं जे बोलतात ते सभेत बोलत नाहीत. ए-१०४च्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे आम्हाला झेंडू कुस्करताना कळलं. थंडीत एकदा थर उलटला तर आतून वाफ आली, तेव्हा चौथीतली एक मुलगी ओरडली, “काका, हे शिजतंय!” ती आता दर रविवारी हात घालून बघते.

आमच्यात सगळ्यात नियमित येणारा मुलगा भाडेकरू आहे, नांदेडचा. त्याच्या मालकाकडून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचं शुल्क घेते, आणि सभेत त्या मुलाला मत नाही. म्हणजे ज्याच्या हातात फावडं, त्यालाच विषय सातवर बोलता येणार नाही. नियम आहे, मान्य. पण लाज वाटते.

समोरच्या बाजूचंही खरं आहे. कायम तेच आठ-दहा जण राबतात. रोज घराघरांत ओलं-सुकं वेगळं करतात बहुतेक बायकाच, आणि ग्रुपवर फोटो येतो फावडं धरलेल्या पुरुषाचा. माझाही आलाय. मे महिन्यात वासाची तक्रार झाली होती, तीही खोटी नव्हती. लिफ्ट, टाकी, वायरिंग खुशाल माणसं लावून करून घ्या, तिथे हौस नको. पण सगळीच कामं साठ-साठ रुपयांना बाहेर दिली तर आपल्याला एकत्र यायला तक्रारीशिवाय निमित्त काय उरणार? फार तर कष्टाचा भाग एजन्सीला द्या आणि रविवारचा खड्डा आमच्याकडे राहू द्या, अशी उपसूचना मी मांडणार आहे. अनुमोदक हवाय.

सभा दहाला आहे. कोरम होणार नाही, तहकूब होऊन साडेदहाला त्याच जागी सुरू होईल, दरवर्षीसारखी. तोवर मी थर उलटून येतो. शेजारी बसलो आणि हाताला वास आला तर सांभाळून घ्या.