सेल टाका, चालेल!

पुण्यात साधा मॅन्युअल फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हणजे आधी थापा ऐकायची तयारी ठेवायची. जुन्या बाजारात बुधवारी जा नाहीतर रविवारी, शटर अडकलेलं दाखवलं की उत्तर ठरलेलं: "सेल संपलाय साहेब, सेल टाका, चालेल." अहो, पेंटॅक्स के१००० आहे हा! याचं शटर स्प्रिंगवर चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. सेल टाकून अडकलेलं शटर सुटेल कसं?

मागचं झाकण उघडून बघू का विचारलं, तर चेहरा असा, जणू तिजोरीची किल्लीच मागितली. उघडावं तर उजेड अडवणाऱ्या कडेच्या फोमचा काळा चिकट राडा, हात धुऊनही जात नाही. लेन्स उजेडाकडे धरली की आत बुरशीची पांढरी जाळी. "धूळ आहे हो, पुसली की जाईल." आतल्या काचेवरची पुसणार कशी, फुंकर मारून? पावसाळाभर कपाटात कोंडल्यावर बुरशी धरणारच, पण मग भाव तरी त्या हिशोबाने लावा ना! नाही. नेटवर सर्व्हिसिंग केलेल्या पीसची किंमत बघायची आणि तीच याला चिकटवायची. वर "अँटिक आहे". कसलं डोंबलाचं अँटिक! १९७६ ते १९९७ लाखोंनी निघालेलं, शिकाऊ पोरांच्या गळ्यातलं मॉडेल हे.

शेवटी काय, तर "शोकेसमध्ये छान दिसेल."

मला फोटो काढायचेत हो!