फार्मासिस्टला डॉक्टरांच्या शेजारी बसवा

बाबांच्या गोळ्या एकदा टेबलावर ओतल्या. अकरा प्रकार, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. ओळखीतली एक फार्मासिस्ट ताई आली होती. ती एवढंच म्हणाली, "तारखेप्रमाणे लाव बरं."

लावल्या आणि गंमत कळली. आधी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन. मग घोटे सुजले म्हणून लघवीची गोळी. मग रात्री चारदा उठावं लागतं म्हणून मूत्राशय शांत करणारी. त्या गोळीने तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ, म्हणून पोट साफ व्हायचं औषध. प्रत्येक डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीवर इलाज केला होता, पण पहिल्या सुजेचं मूळच अ‍ॅम्लोडिपिन असू शकतं आणि तसल्या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही, हे कुणी बघायचं? ताईने स्वतः एकही गोळी बंद केली नाही. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी बीपीची गोळी बदलली, आणि मागच्या तीन एकेक करून सुटल्या.

हे काम ओळखीपाळखीवर का चालावं? काउंटरवरच्या फार्मासिस्टला फक्त चिठ्ठी दिसते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) किती, आधी काय झालंय, हे दवाखान्याच्या फाइलमध्ये असतं. म्हणून त्याची खुर्ची त्या फाइलजवळ हवी.

इंग्लंडने 2015 पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट (रुग्णाची फाइल बघून औषधं तपासणारे) नेमायला सुरुवात केली. त्याआधी 2012 मध्ये तिथल्या 72 दवाखान्यांतल्या चाचणीचे निकाल आले होते. अल्सर होऊन गेलेल्याला पोटाचं रक्षण करणाऱ्या गोळीशिवाय वेदनाशामक देणं, दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाचं औषध, ज्याने दमा बळावू शकतो) देणं, अशा धोकादायक चुका फार्मासिस्टच्या मदतीने कमी झाल्या. नुसती संगणकाने काढलेली यादी डॉक्टरांच्या हाती देण्यापेक्षा माणूस पाठीशी लागलेला बरा, हे त्यातून दिसलं. (याद्या कोण वाचतं, हे काय वेगळं सांगायला हवं!)

काही डॉक्टरांना यात लुडबूड वाटते. मला तर उलटी भीती वाटते. फार्मासिस्टला घेतील, कोपऱ्यात बसवतील आणि दिवसभर रिपीट चिठ्ठ्या, म्हणजे तीच औषधं पुन्हा लिहून देणं, निपटायला लावतील. रुग्णासमोर अर्धा तास, फाइल उघडण्याची मुभा आणि डॉक्टरांना तोंडावर "हे का चालू आहे?" विचारायची सोय, एवढं नसेल तर नेमणूक कागदावरच.

बाबांचा गोळ्यांचा डबा आता सात खणांचा, वाराप्रमाणे एकेक. ताई परत कधी येणार, हे तेच विचारतात.