‘६०,००० विटांची माती केलीत’: या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, “तीन महिने भट्ट्या लावून ६०,००० विटा जमवल्या. शुक्रवारी रात्री अपडेट आलं आणि सगळ्याची माती केलीत. हिरे विकायचे धंदे, दुसरं काय!” दादरच्या दोन खोल्यांतून आम्ही चौघं हा शहर बांधायचा गेम चालवतो, त्यामुळे उत्तर मालकालाच लिहावं लागतं.

आधी चूक कबूल करतो. विटा देऊन फळ्या घ्यायचा बाजारातला दर बदलणार हे आठवडाभर आधी सांगायला हवं होतं. न सांगता रातोरात बदलला, तुमचा राग रास्त आहे.

आता विटांचं. बाराव्या पातळीची भट्टी चार तासांत १२० विटा काढते, त्याच पातळीची सॉ मिल ८० फळ्या. भट्टीचं उत्पादन आम्ही मध्यंतरी वाढवलं, पण बाजारातल्या दराला हात लावायचं राहून गेलं. तो एकास एकच राहिला. म्हणजे सॉ मिल चालवणारा खुळा! भट्टी लावायची, विटा द्यायच्या आणि तेवढ्याच वेळात ८० ऐवजी १२० फळ्या घरी न्यायच्या. खेळाडूंना हे आमच्याआधी कळलं. त्यांनी सॉ मिल पाडून भट्ट्या बांधल्या, आणि बाजारात विटाच विटा. फळ्या देणारा कोण उरला?

तुमचं खातं पाहिलं. अपडेटच्या आधीच्या दहा दिवसांत तुम्ही एकास एक दराने ११ ऑफर टाकल्या, त्यातल्या दोनच उचलल्या गेल्या. दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात झेंडूला जो भाव असतो, त्या भावाने संध्याकाळी ढीग मोजून चालत नाही. तुमच्या विटांच्या ६०,००० फळ्या कागदावर होत्या.

नवा पायाभूत दर तीन विटांना दोन फळ्या, सरळ वेळेच्या हिशोबाने. भट्टीचं उत्पादन परत कमी करता आलं असतं, पण नवख्याची पहिली विहीर आणि पहिला रस्ता विटांवरच उभा राहतो. त्याने काय पाप केलंय?

दर पूर्ण मोकळा का सोडत नाही, असंही विचारलंय. सुरुवातीला सोडला होता. लोकांनी डमी अकाउंट काढले, चुन्याच्या एका पोत्याला हजार फळ्या असे सौदे लावले आणि सगळा माल मुख्य शहरात ओढला. ‘फोर्ज ऑफ एम्पायर्स’ या शहर बांधायच्या दुसऱ्या गेमच्या बाजारातही दुपटीपलीकडचा सौदा लावता येत नाही. आमच्याकडे आता एका फळीला एक ते दोन विटा एवढी मोकळीक आहे. एकास एक मागायला आजही बंदी नाही, कुणी उचललं तर.

हिऱ्यांचा आरोप मात्र लागला. गेममधले हिरे खऱ्या पैशांना विकूनच आमचं भाडं निघतं, ते लपवत नाही. पण जरा उलटं बघा: फळ्यांची टंचाई होती तेव्हाच लोक हिरे देऊन फळ्या घेत होते. टंचाई संपली की आमचाच गल्ला हलका होणार.

भरपाई अशी: अपडेटच्या आधी ज्यांच्याकडे साठा होता, त्या प्रत्येकाच्या १०,००० विटा सरकारी गोदाम जुन्या दराने घेईल. उद्या सकाळी ११ पासून आठ दिवस. सगळ्या ६०,००० घेणार नाही. तेवढ्या फळ्या फुकट बाजारात ओतल्या तर उद्या सॉ मिलवाले एक तारा देतील, आणि त्यांचंही बरोबरच असेल.

उरलेल्या विटा मिळेल त्या भावाने फुंकू नका. नळ मोठा केला आणि मोरी काढायला विसरलो, हे आमचं खरं दुखणं. इमारती बांधून झाल्या की विटा खर्च करायला जागाच नव्हती. पुढच्या अपडेटपासून गेममधला पावसाळा संपला की प्रत्येक शहराला रस्त्यांची डागडुजी करावी लागेल, तीही विटांनी. किती खड्डे पडतात ते मुंबईकराला सांगायला नको. तारीख या वेळी आठवडाभर आधी कळवतो.