शिडी चुकीच्या खिडकीला

शनिवारी रात्री अनिकेतच्या घरी, हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर मारून, आम्ही पाच जणांनी ‘सारागोसात सापडलेलं हस्तलिखित’ पाहिला. १९६५ चा पोलिश सिनेमा, कृष्णधवल, दिग्दर्शक वोय्चेख हास, लांबी १८२ मिनिटं. अनिकेतनं त्याची नव्यानं दुरुस्त केलेली ब्लू-रे मागवली होती. रविवारी सकाळी वेताळ टेकडी उतरून नेहमीच्या कट्ट्यावर टेकलो आणि चहा हातात येण्याआधीच वाजलं.

अनिकेत खुशीत होता. “साठ वर्षांचा सिनेमा, पण काल शूट केल्यासारखा! एक डाग नाही, एक ओरखडा नाही.”

“तेच तर मला खटकलं,” माधवकाका म्हणाले. काकांची हयात मुंबईच्या एका फिल्म लॅबमध्ये गेली. एरवी आमच्यात ते सगळ्यात कमी बोलतात. “ते खडक आठव. हाडं, कवट्या विखुरलेल्या असतात तो माळ. दगड दगडासारखे दिसत होते का रे? मला तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे वाटले.”

“सेट असेल, काका. स्पेनची गोष्ट, पण शूटिंग पोलंडात.”

“सेट कसला! क्राकूव्ह आणि चेन्स्तोहोव्हाच्या मधल्या चुनखडीच्या डोंगरांत चित्रण झालंय. खरेखुरे कडे आहेत ते. तुझ्या प्रोजेक्टरवर नॉइज रिडक्शन चालू होतं ना?”

अनिकेतनं मान हलवली. चालू होतं. चित्रात वळवळ दिसते म्हणून त्यानंच ते वाढवलं होतं.

“ती वळवळ म्हणजे ग्रेन. चांदीचे बारीक कण. फिल्मवर चित्र असं वेगळं काही नसतंच, हे कण म्हणजेच चित्र. कण पुसलास की दगडाचा खरखरीतपणा गेला, नायकाचं काम करणाऱ्या त्सिबुल्स्कीच्या गालावरचे खुंट गेले. खपून खपून कुणीतरी जे जपलं, ते तू रिमोटच्या एका बटणानं घालवलंस.”

ओरखडे काढणं ही निराळी गोष्ट, असं काकांचं म्हणणं, आणि ते त्यांनी चहाच्या ग्लासावर दाखवलं. ग्लासाच्या बाहेरच्या अंगाला नखाएवढा चरा होता. पाण्यात बोट बुडवून त्यांनी तो ओला केला, तर चरा जवळजवळ दिसेनासा झाला. फिल्मच्या पाठीवरचा ओरखडा दिसतो तो प्रकाश वाकवतो म्हणून. स्कॅन करताना फिल्म एका द्रवातून नेतात. त्या द्रवातून प्रकाश फिल्मच्या पट्टीतून जातो तसाच जातो. द्रव ओरखड्यात भरतो, ओरखडा नाहीसा होतो आणि चित्राला कुणी हात लावलेला नसतो. “ही खरी दुरुस्ती. बाकीचं मेकअपचं काम,” काका म्हणाले. ग्लास बराच वेळ आमच्यात फिरत राहिला. प्रत्येकाला तो चरा ओला करून बघायचा होता.

सुहासला यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नव्हतं. तो दुसऱ्या भागात झोपला होता आणि ते त्यानं सरळ सांगितलं. “पहिला भाग झकास. सरायीतल्या त्या दोन मूर राजकन्या, कवटीच्या पेल्यातून पिणं, आणि सकाळी हा गडी, आल्फॉन्स, फासावर लटकलेल्या दरोडेखोरांखाली जागा होतो. तिथवर मी जागा होतो. पण पुढं तो जिप्सींचा नायक गोष्ट सांगायला लागतो, गोष्टीतला माणूस गोष्ट सांगतो, त्याच्या गोष्टीतला आणखी कुणी. दुरुस्ती करायचीच होती, तर तास-दीड तास कापायचा होता ना. कोण रडलं असतं?”

मी रडलो असतो. आणि ते शब्दशः खरं आहे, म्हणून मी आवाज चढवला.

कारण हा सिनेमा कापला गेलाच होता. पोलंडबाहेर तो अमेरिकेत १४७ मिनिटांचा दाखवला गेला, ब्रिटनमध्ये १२५. कॉलेजात असताना एका फिल्म क्लबात मी बघितली ती प्रत अशीच आखूड होती, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पडल्यावर सगळे म्हणत होते, अतर्क्य आहे, स्वप्नासारखं आहे, समजून घ्यायचं नसतं. मला मात्र वाटलं, आपल्याच डोक्यात कमी आहे. पुढं कितीतरी वर्षं मी असे सिनेमे टाळत आलो. पूर्ण सिनेमा पाहिल्यावर कळलं की तो स्वप्नासारखा मुळीच नाही, घड्याळासारखा आहे. त्या प्रतीतून चाकं काढलेली होती.

सुहासला पटेना. मग मी बिस्किटपुड्याचा कागद उलटा करून त्यावर कंस काढले. सगळ्यात बाहेर सारागोसातलं युद्ध: नेपोलियनच्या काळातले, एकमेकांविरुद्ध लढणारे दोन अधिकारी एका घरात एक जाडजूड ग्रंथ उघडतात. त्याच्या आत त्यातल्या एकाच्या आजोबांची, आल्फॉन्सची कहाणी. तिच्या आत जिप्सींचा नायक आवादोरो. आवादोरोच्या गोष्टीत लोपेझ सोआरेझ, सोआरेझच्या गोष्टीत बुस्केरोस, बुस्केरोसच्या गोष्टीत फ्रास्केटा. कागदावर सहा कंस एकात एक बसले.

“आता आवादोरोच्या गोष्टीतला हा टोलेडो घे,” मी म्हटलं. “त्याचा मित्र द्वंद्वयुद्धात मरतो. त्यांचं ठरलेलं असतं की जो आधी मरेल त्यानं वर काय आहे ते येऊन सांगायचं. रात्री खिडकीतून आवाज येतो. टोलेडो हादरतो, त्याचं आयुष्य बदलतं. बघणाऱ्यालाही ते भूतच वाटतं. पण आणखी आतल्या कंसात गेलास की कळतं, खिडकीत सोआरेझ होता. प्रेयसीला भेटायला निघालेला, आणि शिडी चुकीच्या खिडकीला लागलेली! आता तो आतला कंस काप. काय उरलं?”

“भूत,” सुहास म्हणाला.

“भूतच. म्हणजे ज्या सिनेमात भुताचा उलगडा होतो, त्याचा तू भुताटकीचा सिनेमा केलास. लांबी कमी झाली, तेवढंच नाही. अर्थ उलटा झाला.”

म्हणून माझं म्हणणं असं: या सिनेमाच्या दुरुस्तीत पहिला मान लांबीचा, नंतर चित्राचा. काकांना राग आला तरी चालेल. ओरखडेवाली, करकरणारी, पण १८२ मिनिटांची प्रत मी चकचकीत १२५ मिनिटांपेक्षा हजारदा घेईन. जेरी गार्सिया या अमेरिकन गिटारवादकाला हेच लागलं होतं. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं हा सिनेमा पाहिला आणि तो त्याच्या डोक्यातून गेला नाही. नव्वदच्या दशकात बर्कलीच्या पॅसिफिक फिल्म आर्काइव्हमध्ये याची प्रत यावी म्हणून त्यानं पैसे देऊ केले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. पुढचं काम दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीनं हातात घेतलं, फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचीही मदत झाली, आणि पूर्ण लांबीची प्रत पुन्हा लोकांसमोर आली. स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलनं आत्मचरित्रात लिहिलंय की त्यानं हा सिनेमा तीनदा पाहिला, आणि एखादा सिनेमा एवढ्या वेळा बघणं ही त्याच्यासाठी फार दुर्मीळ गोष्ट होती. एवढ्या लोकांचा जीव एका सिनेमात उगाच अडकत नाही.

रेवती इतका वेळ गप्प होती. ती फ्रेंच शिकवते आणि मूळ कादंबरी तिनं वाचली आहे. “तुम्ही दोघं ‘मूळ’, ‘पूर्ण’ म्हणताय,” ती म्हणाली, “पण या कादंबरीत मूळ शोधायला गेलात तर तुमचाही आल्फॉन्स होईल.”

कादंबरीचा लेखक यान पोटोत्स्की पोलिश सरदार, लिहायचा फ्रेंचमध्ये. तो १८१५ मध्ये गेला. फ्रेंच हस्तलिखित विखुरलं. १८४७ मध्ये एडमुंड होयेत्स्कीनं पोलिश भाषांतर केलं आणि पुढं दीडशे वर्षं जग त्याच्याच भरवशावर राहिलं. १९८९ ची फ्रेंच आवृत्ती निघाली तेव्हा हरवलेले भाग पोलिशमधून परत फ्रेंचमध्ये आणावे लागले. मग २००२ मध्ये रोसे आणि त्रिएर या दोन अभ्यासकांना पोझनानच्या दप्तरखान्यात कागद सापडले आणि कळलं की मूळ कादंबऱ्याच दोन आहेत. एक १८०४ ची, अर्धवट सोडलेली, ४५ दिवसांची. दुसरी १८१० ची, पुरी झालेली, ६१ दिवसांची. होयेत्स्कीनं दोन्ही एकत्र शिवून ६६ दिवसांची केली होती.

“आणि हासच्या हातात होतं ते हे शिवलेलं पुस्तक,” रेवती म्हणाली. “मग तुझी ही १८२ मिनिटं कशाशी प्रामाणिक?”

“हासशी,” मी म्हटलं. “पोटोत्स्कीचं काय करायचं ते त्यानं त्याचं ठरवलं. त्याच्यानंतर कात्री लावणाऱ्यांना तो हक्क नव्हता.” उत्तर दिलं खरं, पण होयेत्स्कीनं जोडलं नसतं तर जोडायला काही उरलं असतं का, हा प्रश्न मला दिवसभर छळत राहिला.

अनिकेत टेकडीकडे बघत होता. “एक सांगू? काल मला सारखा वेताळ आठवत होता. विक्रम दर वेळी त्याच झाडाखाली परत येतो, वर प्रेत लटकलेलं. हा पण घडी घडी त्याच फासाखाली जागा होतो. आणि दोन्हीकडे गोष्टीच सुटू देत नाहीत.” सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी अशाच मोठ्या गोष्टीच्या पोटात आहेत. आपल्याला हे ऐकायची सवय आजीपासूनची आहे, तरी पडद्यावर आलं की आपण घड्याळ बघतो. सुहासनं यावर काही म्हटलं नाही.

काकांनी ग्लास खाली ठेवला. “पूर्ण काय नि मूळ काय, आधी निगेटिव्ह तर हवी. २००३ च्या जानेवारीत इथंच पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर, नायट्रेटची जुनी, झटकन पेट घेणारी रिळं जळाली. प्रभातच्या काळातलीही गेली. त्यांच्यावर वाद घालायचा म्हटला तरी आता काय घेऊन घालणार? पोलिश लोकांनी निगेटिव्ह सांभाळली, म्हणून तुम्ही ग्रेनवरून भांडताय.”

कुणी बोललं नाही थोडा वेळ. चहावाल्यानं ग्लास उचलले, काकांचा तो चरा पडलेलाही.

सुहासनं कंसांचा कागद घडी घालून खिशात टाकला. “आज रात्री परत लावशील? फक्त दुसरा भाग. आवादोरोपासून.”

“लावतो,” अनिकेत म्हणाला.

“ते बटण बंद करून,” काका म्हणाले.

“बंद केलंय. सकाळीच.”