पेठेतला वाडा डेव्हलपमेंटला द्यायचाय? मग हे वाचाच

शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत तुमचा वडिलोपार्जित वाडा असेल, त्याची पुढची भिंत पोट पुढं काढून उभी असेल आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबाच मालक असतील, तर आधी अभिनंदन घ्या. शहराचा विकास चाललाय आणि या घडीला कोल्हापुरात तुमच्याइतका मोलाचा माणूस दुसरा नाही. बिल्डर तुम्हाला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गाठून फेसाळ दूध पाजेल. सकाळी रंकाळ्यावर फिरायला तुमच्याबरोबर येईल, नातवाच्या बारशाला चांदीचा वाळा घेऊन येईल. हे प्रेम संमतीपत्रावरची शेवटची सही होईपर्यंत टिकतं. तोवर अंगभर लावून घ्या.

पहिलं काम हिस्सेदार गोळा करणं. चार भाऊ असतील तर ते एकमेकांशी बोलत नसणार, हे धरूनच चाला. बिल्डर प्रत्येकाला वेगवेगळं भेटतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो : 'बाकीचे तिघं तयार हाईत दादा, तुमच्यापाशीच घोडं अडलंय.' मोरीच्या पाण्यावरून ज्यांच्यात वीस वर्षं अबोला होता, ते चौघं एका संध्याकाळी एका हॉटेलात, एका टेबलाभोवती, एका बिलावर जेवताना दिसतात. आईनं मरताना हात जोडून जे मागितलं आणि मिळालं नाही, ते कार्पेट एरियानं करून दाखवलं. विकासाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

नाजूक बाब आहे ती बहिणींची. 2005 च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तो जन्मानंच मिळतो आणि 2005 साली वडील हयात असलेच पाहिजेत असं काही नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं. ही बातमी आक्काला पोचवायची घाई करू नका. हक्कसोडपत्राचा विषय भाऊबीजेला काढावा. त्या दिवशी निबंधकाचं कार्यालय बंद असतं हे खरं, पण त्या दिवशी फक्त साडी द्यायची आणि डोळ्यांत पाणी आणायचं. सही पुढच्या आठवड्यात. 'आक्का, तुम्हाला देवानं काय कमी केलंय? माहेर तेवढं तुटायला नको,' हे वाक्य वहिनीच्या तोंडी द्या. भावानं म्हटलं की त्याला लोभाचा वास येतो.

सहीला नेताना गाडी कावळा नाक्यावरून न्या. तिथं घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा पुतळा आहे. करवीरची गादी ज्या बाईनं उभी केली, तिला आक्काकडून हात जोडून घ्या. परतताना अंबाबाईचं दर्शन घडवा, कारण या गावची मालकीण बाईच आहे हे आपण सगळ्या जगाला सांगतो. या दोन नमस्कारांच्या मधे अंगठ्याचा ठसा उरकून घ्यायचा.

पुढच्या खोलीत जुनं कूळ असेल तर त्याचं बिल्डर बघून घेतो. कसं बघून घेतो ते विचारू नका.

आता नकाशा. नकाशात पार्किंग फार देखणं दाखवतात. पांढरे पट्टे, बाणबिण, दोन झाडं. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की त्या पट्ट्यांवर शटर बसतं, आणि गाळ्याचं भाडं सुरू होतं. आजवर चौकात तुळस होती, आडाला रहाट होता, दुपारी बायका शेंगा फोडत बसायच्या, त्या जागेचं उत्पन्न काय होतं? शून्य. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकली जातात. तुमची गाडी मग गल्लीत लागेल, शेजाऱ्याची तिच्या समोर लागेल आणि रिक्षा मधे अडकेल. त्यावर लगेच पेठेतल्या वाहतूक कोंडीबद्दल निवेदन तयार करा आणि पहिली सही तुमचीच असू द्या. निवेदन द्यायला जाताना गाळ्याच्या भाडेकरूकडून पेन घ्या.

आंदोलनाचं म्हणाल तर आपल्याला कुणी शिकवायला नको. शहरातल्या टोलच्या वेळी अख्खं गाव एका आवाजात रस्त्यावर उतरलं होतं, सगळे पक्ष एका कृती समितीत बसले होते, आणि शेवटी टोल गेला. ती ताकद उगाच फूटपाथ, पार्किंग असल्या बारक्या कामावर खर्चू नका. टोल दुसऱ्याचा होता. फूटपाथवर आलेली दुकानाची पायरी आपली आहे.

महाद्वार रोडच्या आसपास असाल तर एक अडचण वाढते. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत शिरतो, आणि किरणं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत चढतात. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी सूर्याचं गणित केलं होतं, तुमच्या चौथ्या मजल्याचं आणि त्यावरच्या पाण्याच्या टाकीचं नव्हतं. त्यामुळं किरणोत्सव जवळ आला की अडथळे मोजायला माणसं येतात. घाबरायचं कारण नाही. टाकीवर 'श्री अंबाबाई प्रसन्न' असं मोठ्या अक्षरात रंगवून घ्या आणि त्या दिवसांत तुम्हीही मंदिरात जाऊन उभे राहा. किरणं गुडघ्यापाशी थबकली की सगळ्यांबरोबर हळहळा : 'यंदा ढग होतं.'

बांधकाम चालू असताना राहायचं कुठं? बिल्डर म्हणतो दोन वर्षांत ताबा. दोन वर्षं ही त्याच्याकडची बोलायची पद्धत आहे. भाड्याचं घर शोधायला निघालात तर चांगल्याच वेळी निघालात म्हणायचं, कारण 17 ऑगस्ट 2025 ला इथं मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. त्या बेंचसाठी वकिलांनी चार दशकं झुंज दिली. घरभाड्यानं चार दिवससुद्धा दम धरला नाही. बेंचजवळच्या सीपीआर दवाखान्याच्या आसपास ज्यांच्याकडं माळ्यावरची एक खोली होती, ते आता 'ऑफिस स्पेस' म्हणतात. आपल्याला न्याय दारात मिळाला याचा आनंद माना आणि बिऱ्हाड पाचगावला हलवा.

पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी. तिकडं राहण्यातली मजा पेठेत बसून कळायची नाही. दवाखाना शहरातला, शाळा शहरातली, केएमटीची बस शहरातली, भांडायला महापालिका शहरातली. घरफाळा तेवढा ग्रामपंचायतीचा. 1972 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि पुढं पन्नास वर्षं उलटली तरी हद्द होती तिथंच राहिली. याचं श्रेय तुमच्यासारख्यांना आहे, ते कुणाला देऊ नका. राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी करायच्या : हद्दवाढीला कडाडून विरोध, आणि 'शहराला लागून असून आमच्याकडं गटारी नाहीत' म्हणून संताप. दोन्ही एकाच फलकावर लिहिता येतं, जागा पुरते.

काहींना मात्र नदीकाठचा मोह पडतो. पडू द्या, हवा छान असते. फ्लॅट बघायला मार्चात जा. मार्चात पंचगंगा फारच सोज्वळ दिसते. एजंट सांगेल, 'पाणी फक्त कोपऱ्यापर्यंत आलतं.' कुठला कोपरा ते विचारू नका. 2005, 2019, 2021 ही सालं त्याला आठवणार नाहीत, तुम्हीही आठवण करून देऊ नका, व्यवहारात कडवटपणा येतो. पुराची निळी रेषा, लाल रेषा या कागदावर असतात आणि भराव जमिनीवर असतो; तुम्हाला राहायचंय जमिनीवर. एकदा राहायला गेलात की जुलैत तुमचाही अभ्यास वाढेल. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, 39 ला इशारा, 43 ला धोका, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. एरवी शाळेतल्या पोराच्या गुणपत्रिकेकडंही न बघणारा बाप रात्री दोन वाजता हे आकडे तोंडपाठ म्हणतो.

आणि पाणी जिन्यापाशी आलं तर जायचं कुठं? इथं मात्र थोडा घोळ आहे. 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, गावाबाहेर पडायची सोय उरली नाही. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क इथली माणसं उंचावरच्या पेठांत कुणाच्या ना कुणाच्या घरी शिरली. आत्या, तिची नणंद, नणंदेची भाडेकरू, तिची दोन मांजरं. वाड्याच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सगळी आडवी झाली. चुलीवर पिठलं-भात, तालमीतली पोरं दारोदार पाणी देत होती. कुणी कुणाला 'किती दिवस?' असं विचारलं नाही, कारण सोप्याचा चौरस फूट कुणी काढलेला नव्हता. तो सोपा आता तुम्ही दिलात. त्याच्या जागी तुम्हाला एक वन बीएचके मिळणार, ज्यात आत्याला उभं राहायचं असलं तर कुणाला तरी गॅलरीत जावं लागेल. पुढच्या पुरात आत्याला हॉटेलचं बुकिंग करून द्या. लिंक पाठवली की झालं.

म्हाताऱ्यांची काळजी तुम्ही आधीच केलेली असणार. आबांना पाचव्या मजल्यावर पूर्वेची खिडकी दिली, लिफ्ट दिली, भिंतीवर टीव्ही दिला. आजवर ते सकाळी उंबऱ्याबाहेर आले की तालीम, चहा, पेपर आणि तीन भांडणं पन्नास पावलांत उरकायची. आता त्यांना रंकाळ्यावर चालायला गाडीतून न्यावं लागतं. गाडी लावायला जागा शोधत तुम्ही संध्यामठापासून शालिनी पॅलेसपर्यंत फिरता, आबा काचेतून तळं बघतात, आणि फेरी पूर्ण झाल्याचं समाधान दोघांनाही मिळतं. आईचं म्हणणं एकच असतं, 'हितं खाली कोण बसत न्हाई.' तिला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्या. तिथं सगळे बसलेले असतात.

पाण्याचं विचाराल तर काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईन सुमारे 53 किलोमीटर चालून 2023 च्या दिवाळीत शहरात पोचली. डोंगर, ओढे, शेतं, सगळं ओलांडून आलेल्या पाण्याला तुमच्या पाचव्या मजल्याचे पन्नास फूट जड जातात, त्याला तेवढी दमछाक माफ करा. टँकरवाल्याचा नंबर लिफ्टमध्ये लावलेला असतोच.

हा सगळा खटाटोप कुणासाठी, असं कुणी खवचटपणे विचारलं तर ताठ मानेनं सांगा : पोरांसाठी. पोरगा हिंजवडीत आहे, पोरगी बंगळुरात. नव्या फ्लॅटमध्ये दोघांच्या खोल्या आहेत, त्यांच्या आवडीच्या रंगात. दारं बंद ठेवा, धूळ कमी बसते. गणपतीत ती दोन दिवसांसाठी येतात, त्यातला बराचसा वेळ हायवेच्या सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर जातो. आली की म्हणतात, 'कोल्हापूर किती सुधारलंय!' आणि परतीचं बुकिंग बघतात. सुधारलेल्या कोल्हापुरात त्यांना नोकरी कुठं आहे, हा प्रश्न सणाच्या दिवशी काढायचा नसतो. एमआयडीसीत फौंड्रीत लागला असता तर पोरगा वाड्यात राहिला असता, पण मग त्याला मुलगी कुणी दिली असती? मुलीच्या बापाला फ्लॅट लागतो. आणि फ्लॅट घ्यायला पुणं लागतं. गणित कुठूनही मांडा, उत्तर कात्रजच्या पलीकडंच निघतं.

पेठ सुटली म्हणून निष्ठा सोडू नका. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की जुनी जर्सी चढवा आणि पाचगावहून या. गल्लीचा विषय निघाला की आवाज चढवायचा, 'आमच्या पेठेत...' म्हणून सुरुवात करायची. शेजारचा तरुण विचारेल, 'काका, तुम्ही कुठं असता?' तेव्हा चहा मागवा. तालमीची इमारतही आता नवी होणारच आहे, खाली गाळे, वर हॉल, कुस्तीचा हौदा मागं सरकवून. तिथं तुमच्या घराण्याच्या नावाची फरशी बसवता येते. देणगीचा आकडा सहीच्या रकमेतून वळता करून घ्या, आकडा मोठा दिसतो आणि दुखत नाही.

शेवटी वास्तुशांत. पत्रिकेवर पहिलं नाव आक्काचं घाला, आहेर मोठा करा, तिला नारळ फोडायला लावा. ज्यांच्याशी पुन्हा अबोला सुरू झालाय त्या भावांना वेगवेगळ्या वेळा द्या. हिशेब झाल्यावर तो सुरू होतोच. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणं मटण. मात्र गच्चीवर चूल पेटवायला सोसायटीला आठ दिवस आधी अर्ज लागतो आणि अर्जात 'भोजनाचा प्रकार' असा रकाना आहे. तिथं तांबडा-पांढरा लिहू नका, 'स्नेहभोजन' लिहा. पातेली मागच्या जिन्यानं चढवा. लिफ्टमध्ये रस्सा सांडला तर पाचशे रुपये दंड आहे आणि तो थेट तुमच्याच नावावर निघेल, कारण इमारतीतल्या बाकी कुणाच्या रश्शाला एवढा कट येत नाही.