फूल, माशी आणि पूर्णविराम

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी नवं शिकत राहावं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे अजून नोकरीत आहेत. त्यांचं ऐकून मी वनस्पतिशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. पहिले तीन आठवडे मजेत गेले. परागकोश, कुक्षी, परागनलिका ही शाळेत घोकलेली मंडळी जुनी ओळख ठेवून होती. चौथ्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला : परागीकरणावरचा एक मूळ शोधनिबंध शोधा, तो एका पानात स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा आणि त्याचा संदर्भ रीतसर द्या.

एक पान! म्हटलं, संध्याकाळच्या आत हातावेगळं करू.

सुरुवात दणक्यात हवी म्हणून आइन्स्टाइनचं ते वाक्य टाकलं. तेच ते, मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल. तेवढा परिच्छेद नमुन्यादाखल बाईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘आइन्स्टाइन हे कुठे म्हणाले?’ तासभर शोधलं. वाक्य हवं तिथे होतं. सूर्यफुलाच्या चित्रावर, सूर्यास्ताच्या चित्रावर, एके ठिकाणी तर खुद्द आइन्स्टाइनच्या बाहेर काढलेल्या जिभेखाली. पण ते त्यांनी कधी, कुठे, कोणापाशी म्हटलं याचा पत्ता नाही. ते तसं म्हणाल्याचा पुरावा कोणालाच सापडलेला नाही, एवढं मात्र सापडलं. मग मला पडायला हवा होता तो प्रश्न उशिरा पडला : मधमाश्यांचं विचारायला आपण भौतिकशास्त्रज्ञाकडे गेलोच कशाला?

मग गूगल स्कॉलर उघडलं आणि ‘पॉलिनेशन’ एवढंच टाकलं. निकालांचा आकडा बघून घाम फुटला. जरा नेमकं करावं म्हणून ‘क्रॉस पॉलिनेशन’ टाकलं, तर कंपनीतल्या दोन विभागांनी एकमेकांच्या कल्पना कशा उचलाव्यात यावर व्यवस्थापनवाल्यांचे लेख पुढे आले. हे लोक परागीकरणाला कधी शिवले असतील असं वाटत नाही, पण शब्द मात्र हक्कानं वापरतात. शेवटी ‘फ्लॉवर पॉलिनेशन’ टाकल्यावर 2012 सालचा एक लेख मिळाला. छोटा, सुबक, नावात फूलही आणि परागीकरणही. मी तो छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या पानावर फुलं होती. दुसऱ्या पानापासून ग्रीक अक्षरं सुरू झाली. परागकण ‘लेवी उड्डाण’ घेत होते. चौथ्या पानापर्यंत मी सगळीकडे रेघा ओढल्या, कारण कळत नसलं की रेघ ओढावी ही माझी जुनी सवय.

पुतणी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. तिला फोन लावला.

“काका, तू जे वाचतोयस ते गणित आहे,” ती म्हणाली. “फ्लॉवर पॉलिनेशन अल्गोरिदम. संगणकाला चांगलं उत्तर शोधायला लावायची रीत. फुलांवरून नुसती कल्पना उचललीय.”

“पण पहिल्या पानावर फुलं आहेत.”

“नंतर आहेत का?”

नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जास्त सावध होतो. जिथेतिथे ज्याचा दाखला देतात असा लेख मिळाला : अलेक्झांड्रा-मारिया क्लाइन आणि सहकारी, 2007, रॉयल सोसायटीचं नियतकालिक. याहून भारदस्त काय असणार? आणि लेख खरोखर वाचण्यासारखा आहे. ‘आपल्या दर तीन घासांतला एक घास मधमाशीच्या कृपेनं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. इथे प्रत्यक्षात काय लिहिलंय? जगातल्या प्रमुख पिकांपैकी 87 पिकांना प्राण्यांकडून होणारं परागीकरण कमी-अधिक लागतं, 28 पिकांना लागत नाही. पण वजनानं मोजलं, तर जगाच्या उत्पादनातला 60 टक्के वाटा माशीची वाट न पाहणाऱ्या पिकांचा निघतो, कारण धान्यांचं परागीकरण बहुतेक वाऱ्यावर सोडलेलं असतं. माशी लागणाऱ्या पिकांचा वाटा 35 टक्के. तेही ‘कमी-अधिक’ लागणाऱ्या. म्हणजे माश्या गेल्या की तो 35 टक्के वाटा दुसऱ्या दिवशी गायब, असं त्या लेखात कुठेही नाही. ‘कमी-अधिक’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला आणि घास उरला.

मी विजयी मुद्रेनं पुतणीला कळवलं.

“छान आहे लेख. पण तो आढावा आहे, काका. इतरांनी केलेल्या अभ्यासांची गोळाबेरीज. बाईंनी मूळ मागितलाय.”

“मग मूळ ओळखायचा कसा?”

“लिहिणाऱ्यानं स्वतः काहीतरी करून मोजलेलं असलं पाहिजे. कळीवर जाळीची पिशवी बांधली, काही फुलं उघडी ठेवली, काहींवर ब्रशनं स्वतः पराग लावले आणि मग कुठे किती फळं धरली ते मोजलं. किंवा घड्याळ लावून फुलासमोर बसले आणि किती माश्या आल्या ते टिपलं. असं काही दिसलं की समज.”

हे मला फार आवडलं. इतके दिवस मी शास्त्रज्ञ म्हणजे काचेच्या नळीत बघणारा माणूस समजत होतो. इथे मोठमोठ्या पदव्यांची माणसं रानात उकिडवी बसून एका फुलाकडे टक लावून बघतात आणि माशी आली की वहीत रेघ मारतात. आमच्या हातून हे घडलं असतं तर घरच्यांनी डॉक्टर गाठला असता.

मग तिसऱ्या दिवशी तो सापडला. डॉमिनिक क्लार्क, हेदर व्हिटनी, ग्रेगरी सटन आणि डॅनियल रॉबर्ट, 2013, ‘सायन्स’ नियतकालिक. विषय : बंबलबी या गुबगुबीत, केसाळ माशीला फुलांभोवतीचं विद्युतक्षेत्र कळतं. मी खुर्चीत सरळ झालो. लिंकवर टिचकी मारली आणि पानानं पैसे मागितले. तेही लेख कायमचा ठेवायला नाही, थोडा वेळ बघायला. मोजणारे ते, लिहिणारे ते, आणि या पैशातला छदामही त्यांना जात नाही हे पुतणीनं सांगितलं तेव्हा मला लेखकांबद्दल भलताच जिव्हाळा वाटला. “विद्यापीठाच्या संग्रहात फुकट प्रत असते कधी कधी, नाहीतर सरळ लेखकाला ईमेल कर,” ती म्हणाली. “आपला लेख कोणाला वाचावासा वाटतोय याचाच त्यांना आनंद होतो.” मी दोन ओळींची विनंती लिहायला बसलो, ती दीड पानाची झाली. त्यात निवृत्तीचाही उल्लेख आला. प्रत आली, तीही निवृत्तीबद्दल चकार शब्द न काढता.

लेख जेमतेम चार पानांचा. बाईंनी शिकवलं होतं की शोधनिबंधात प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष, चर्चा असे भाग असतात. इथे एकही मथळा नाही. सलग मजकूर. साहित्य व पद्धती कुठे गेल्या म्हणून लेख तीनदा उलटापालटा केला, तर त्या वेगळ्या पुरवणी फाइलमध्ये ठेवलेल्या. म्हणजे आता दोन लेख वाचायचे.

इथे एक कबुली. मी आधी नुसता गोषवारा वाचून पान भरायचा घाट घातला होता. आठ-दहा ओळींत सगळं आलेलं असतं, कशाला आत शिरा? पण अभ्यासक्रमात नुकतंच वाचलं होतं की काही भुंगे फुलाच्या तोंडातून आत जातच नाहीत. बाहेरून नळीला भोक पाडतात, मध पितात आणि चालू लागतात. पराग ना अंगाला लागत, ना पुढे जात. याला शास्त्रात चक्क मधचोरी म्हणतात. मी गोषवाऱ्याचं पान मिटलं आणि मुकाट्यानं दारातून आत गेलो.

आत जे होतं ते असं. उडताना माशीच्या अंगावर धन विद्युतभार साठतो. फुलावर बहुधा ऋण असतो. या चौघांनी पेटुनियाच्या देठात इलेक्ट्रोड खोचून ठेवले आणि बंबलबी फुलावर बसली की देठातलं विद्युतविभव साधारण 25 मिलिव्होल्टांनी बदलतं हे टिपलं. आता माशीला हे कळतं की नाही, हे कसं विचारणार? त्यासाठी त्यांनी खोटी फुलं केली. काहींना 30 व्होल्ट दिले आणि त्यांत साखरपाणी ठेवलं, उरलेल्यांना काहीच दिलं नाही आणि त्यांत क्विनाइन ठेवलं, म्हणजे कडूजहर. दिसायला दोन्ही सारखी. माश्या काही फेऱ्यांत शिकल्या आणि भारित फुलांवर जायला लागल्या. मग या लोकांनी गुपचूप वीज बंद केली. माश्या पुन्हा अंदाजपंचे.

हे शेवटचं वाचून मी खदखदून हसलो. शिकवायचं, शिकल्याची खात्री करायची आणि मग वीज काढून गंमत बघायची! पण तिथेच कळलं की माशी वासावर किंवा दिसण्यावर जात नव्हती. ती एक बंद केलेली कळ म्हणजे अख्ख्या लेखाचा कणा. गोषवाऱ्यात तिचा उल्लेखही नाही.

समजलं ते मराठीत लिहिताना पुन्हा अडलो. बंबलबीला शब्दकोश ‘भुंगा’ म्हणतो. पुतणी म्हणाली, लाकूड पोखरणारा काळा तोही भुंगाच, आणि तो वेगळा. बंबलबीच ठेवली. दुसरा घोळ इंग्रजी ‘मे’ (may) या शब्दाचा. लेखकांनी लिहिलंय की या खुणा क्षणात बदलत असल्यामुळे फूल आणि माशी यांच्यात झटपट संवाद होणं त्यामुळे ‘शक्य आहे’. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘फुलं माश्यांशी विजेच्या भाषेत बोलतात’ असं झालं होतं. तीन घासांतला एक घास मीच पुन्हा शिजवत होतो. खोडलं. वाक्य बेचव झालं, पण खरं झालं.

उरला संदर्भ. ही चार ओळींची गोष्ट असेल असं मी समजत होतो, आणि खरंच चार ओळींची होती. दोन दिवस लागले. आडनाव आधी, मग नावाचं आद्याक्षर. क्लार्क, व्हिटनी, सटन सरळ गेले. पण डॅनियल रॉबर्ट? दोन्ही नावंच वाटतात. मी ‘डॅनियल, आर.’ लिहून मोकळा झालो होतो. पुतणीनं सांगितलं, ते प्राध्यापक रॉबर्ट. एका स्वल्पविरामानं मी माणसाचं घराणं बदललं होतं. तारखेचंही तेच. लेख ऑनलाइन आला फेब्रुवारीत, छापील अंकात आला एप्रिलमध्ये. सुदैवानं दोन्ही 2013. मग नियतकालिकाचं नाव तिरपं, खंड 340 हाही तिरपा, पण कंसातला अंक 6128 उभा. पृष्ठं 66 ते 69, तीही उभी. मजकुरात मात्र तिघे किंवा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव लिहून ‘व इतर’ म्हणायचं. म्हणजे माझ्या पानात बिचाऱ्या प्राध्यापक रॉबर्टांचं नावच येईना. ज्यांच्यासाठी मी इतका भांडलो, ते इतरांत जमा.

शेवटी डीओआय. प्रत्येक लेखाला कायमचा चिकटलेला क्रमांक, 10 या आकड्यानं सुरू होणारा. नियतकालिकानं संकेतस्थळ बदललं तरी या क्रमांकावरून लेख सापडावा, अशी सोय. मी तो अक्षर न् अक्षर ताडून लिहिला आणि शाळेतल्या संस्कारांना जागून शेवटी पूर्णविराम दिला.

गृहपाठ परत आला. बाईंनी सारांशाला चांगला शेरा दिला होता. वीज बंद करण्याच्या वाक्याखाली तर दोन रेघा होत्या. संदर्भाशेजारी लाल अक्षरांत एकच ओळ : ‘डीओआयनंतर पूर्णविराम देत नाहीत. लिंक उघडत नाही.’

मी तो ठिपका पुसला आणि स्वतः टिचकी मारून पाहिली. लिंक लगेच उघडली. पानानं पैसे मागितले.