‘हात हलवा, बटणं विसरा’ म्हणे!

‘बटणांचा जमाना संपला’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, देवळाच्या उत्सव समितीच्या ग्रुपवरही आला, तेव्हा मी न वाचता पुढे गेलो. मग तोच डिचोलीहून बहिणीने पाठवला. खाली तिच्या दोन ओळी: ‘बाबूसाठी घेऊया काय रे? बीजीएमआय तरी सुटेल आणि वजनही उतरेल.’ बाबू म्हणजे माझा भाचा, अकरावीत आहे, आणि बीजीएमआय म्हणजे तो फोनवर खेळतो तो बंदुकांचा गेम. आता मात्र गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. टीव्हीसमोर उभं राहून हात हलवत खेळायचे गेम, म्हणजे मोशन कंट्रोल, हेच भविष्य आहे. एक, निन्टेन्डोचा ‘वी’ (हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचं गेमयंत्र) दहा कोटींवर खपला, म्हणजे गेमरांनी कौल दिलाच. दोन, मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने (अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा) गिनीज विक्रम केला आणि मग कंपनीने बटणांचा कंट्रोलरच काढून टाकला. तीन, तासभर असा गेम खेळणं म्हणजे तासभर मैदानावर खेळणं, ‘अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय’, तेव्हा मुलाला वेगळं मैदानावर पाठवायची गरज नाही. चार, जगातले सगळे मोठे गेमर आता मोशनवरच खेळतात. पाच, बटणं दाबून अंगठ्याच्या नसा सुकतात आणि मेंदू मंदावतो. सहा, जपानने बटणं सोडलीसुद्धा. आणि सगळ्यात शेवटी, अर्थातच, दोन प्लॅस्टिकच्या काठ्यांच्या एका किटची ऑर्डर द्यायची लिंक.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, या थापेने मुलाची संध्याकाळ जाईल. ‘अमेरिकेतले डॉक्टर’ कोण ते फॉरवर्ड सांगत नाही. मी सांगतो. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधले टॉम बॅरनाउस्की आणि त्यांचे सहकारी. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांनी वी दिला. काहींना अंग हलवायला लावणारे गेम, काहींना बसून खेळायचे. रोज इतका वेळ खेळा अशी सक्ती नाही, घरी जसं खेळाल तसं खेळा. तेरा आठवडे हे चाललं आणि मधूनमधून मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं उपकरण लावलं जायचं. निष्कर्ष असा, की हात हलवायचे गेम मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा जराही जास्त हालचाल करत नव्हती. मोजलेल्या एकाही आठवड्यात नाही. म्हणजे फॉरवर्डला हवं ते अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं खरं, फक्त उत्तर उलटं आलं.

का, ते वी हातात धरलेल्या कुणालाही कळेल. टेनिसच्या गेममध्ये सुरुवातीला माणूस पूर्ण हात फिरवतो, अंगणात बॅट फिरवल्यासारखा. काही वेळाने लक्षात येतं की मनगटाला नुसता झटका दिला तरी चेंडू तितकाच जोरात जातो. मग सोफ्यावर बसूनच झटके सुरू होतात. पट्टीचा खेळाडू तर ही पळवाट सगळ्यात आधी शोधतो, कारण त्याला घाम गाळायचा नसतो, जिंकायचं असतं.

पावसाळ्याचं कारण बहीण देणार हे मला माहीत आहे. जून ते सप्टेंबर मैदानात पाणी, फुटबॉल बंद, मुलगा घरात. ठीक आहे, त्या दिवसांत लोळत पडण्यापेक्षा नाचायचा गेम बरा. निन्टेन्डोचा २०१९ चा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ तर व्यायामासाठीच बनवलाय आणि तो खरोखर दमवतो. पण ऑक्टोबरात ऊन पडल्यावरही ‘आता घरातच होतंय की’ म्हणून बूट कपाटात राहणार असतील, तर ते किट फुकट मिळालं तरी महागच.

आता दुसरा मुद्दा, सगळ्यात हास्यास्पद. यात अर्धं वाक्य खरं आणि उरलेलं अर्धं सपशेल उलटं आहे.

गिनीज विक्रम खरा. किनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये आला आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपला. फेब्रुवारी २०१३ पर्यंत कंपनीने सांगितलेला आकडा २ कोटी ४० लाखांचा. ‘कंट्रोलर तुम्हीच’ अशी जाहिरात होती. पुढे काय झालं? २०१३ च्या एक्सबॉक्स वन या कंपनीच्या गेमयंत्राबरोबर किनेक्ट सक्तीने गळ्यात मारला, किंमत ४९९ डॉलर. कंट्रोलर खोक्यात होताच, तो कधीच गेला नव्हता. लोक भडकले. जून २०१४ मध्ये किनेक्ट वगळून तोच एक्सबॉक्स ३९९ डॉलरला आणावा लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच बंद झालं. कंपनीने काहीतरी काढून टाकलं हे खरं, पण काय काढलं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उलटं लिहिलंय.

आणि ते का काढावं लागलं यातच खरा प्रश्न आहे: मुरलेला गेमर अशा यंत्रावर का थांबत नाही? अडाणी किंवा आळशी असतो म्हणून नाही. फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. दोन-तीन चित्रांच्या फटीत वार अडवायचा की मारायचा हे ठरतं. अंगठ्याखालचं बटण जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली जातं आणि हुकूम पोचतो. किनेक्टचा अंतर मोजणारा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपायचा. म्हणजे नुसतं बघण्यातच गेमची दोन चित्रं निघून जाणार, मग तुमचे कोपर-खांदे कुठे आहेत याचं गणित, मग ते गेमला कळवणं. त्याच्याही आधी तुमचा हात मुळात छातीपासून पुढे जायला हवा, त्याला लागणारा वेळ वेगळाच. इतक्यात समोरच्याने तुम्हाला आडवं केलेलं असतं.

चालायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. खोलीच्या पलीकडे भिंत आहे. पडद्यावरचा माणूस जंगलात मैलभर जाऊ शकतो, तुम्ही टीपॉयपर्यंत. म्हणून किनेक्टच्या बऱ्याच गेमांत माणूस आपोआप पुढे सरकायचा, तुम्ही फक्त हात हलवायचे. नाचायला हे चाललं, ‘डान्स सेंट्रल’ उत्तमच होता. पण गेमर स्वतः वाट निवडण्यासाठी खेळतो, आणि नेमकी तीच इथे काढून घेतलेली.

जागेबद्दल तर न बोललेलं बरं. एकट्याला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळं अंतर हवं असं कंपनीच सांगायची. आमच्याकडच्या फ्लॅटांच्या हॉलात सोफा, टीपॉय आणि वाळत घातलेले कपडे. चवथीत वर माटोळी (गणपतीवरची फळं-भाज्यांची चौकट) बांधलेली. डोक्यावर पंखा. करा हात वर.

गंभीर गेमरासाठी किनेक्टवर प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. ‘स्टील बटालियन’ नावाचा २००२ चा, अवाढव्य रणयंत्र चालवायचा गेम होता. तो स्वतःच्या अवाढव्य कंट्रोलरसह यायचा: चाळीसच्या आसपास बटणं, दोन दांडे, पायाखाली पेडल. याहून निष्ठावान गिऱ्हाईक कुठल्या गेमला मिळालं नसेल. २०१२ मध्ये त्याचा पुढचा भाग किनेक्टसाठी काढला, तोही ‘डार्क सोल्स’ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरकडून करून घेऊन. बऱ्याच बटणांच्या जागी हातवारे आले. तुम्ही झडप लावायला हात पुढे करायचा आणि गेमला भलतंच काही ऐकू जायचं. समीक्षकांनी सोलून काढलं. ज्यांनी चाळीस बटणं आनंदाने पाठ केली होती त्यांना कष्टांचं वावडं नव्हतंच. केलेली कृती दर वेळी तशीच नोंदली जावी, एवढीच त्यांची मागणी होती.

पहिला मुद्दा, वीचा. आकडा बरोबर आहे, दहा कोटींच्या थोडा वरच. पण खपला कुणाला? जपान सोडून बहुतेक ठिकाणी खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ मिळायचा. आजी-आजोबांनी घरात बोलिंग केलं, पाहुणे आले की बाहेर काढला. यात वाईट काहीच नाही, उलट ज्यांनी जन्मात गेम खेळला नव्हता त्यांना खेळायला लावलं हे निन्टेन्डोचं मोठंच काम. पण फॉरवर्डचा दावा पट्टीच्या गेमरांबद्दल आहे, आणि त्यांच्यासाठी निन्टेन्डोने पहिल्या दिवसापासून बटणांचा क्लासिक कंट्रोलर वेगळा विकायला ठेवला होता. ‘स्मॅश ब्रॉस ब्रॉल’ आणि ‘मारिओ कार्ट वी’ या दोन्हींत गेमक्यूबचा, म्हणजे निन्टेन्डोच्याच आधीच्या यंत्राचा, जुना कंट्रोलर लावता यायचा. वीचा वारसदार वी यू २०१२ मध्ये आला तो दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या दांड्या आणि बटणं असलेला पडदा घेऊन. (तो फक्त १ कोटी ३५ लाख खपला, पण त्याची कारणं वेगळी आहेत, त्याचं खापर बटणांवर फोडू नका.)

आता चौथा मुद्दा, आणि इथे मात्र मला नाइलाजाने थोडं झुकावं लागतं. ‘सगळे’ आणि ‘मोशनवरच’ हे दोन्ही शब्द खोटे. पण मोशनने पट्टीचे गेमर कधीच जिंकले नाहीत असं म्हणणारेही चूकच आहेत, आणि त्याचा पुरावा बहिणीच्या घरातच आहे. मी बाबूला फोन करून विचारलं, तुझं जायरो कशावर आहे? ‘ऑलवेज ऑन, मामा. नॉन-जायरोवर माझा स्प्रे कंट्रोलच होत नाही.’

ज्यांना हे परकं आहे त्यांच्यासाठी: फोनमध्ये जायरोस्कोप असतो, फोन किती आणि कुठे कलला ते तो मोजतो. बीजीएमआयमध्ये बंदूक सलग चालवली की नेम वर चढतो, त्याला रिकॉइल म्हणतात. तो खाली ओढायला अंगठा पडद्यावर घासण्याऐवजी फोनच किंचित कलवायचा. अंश-दोन अंश. आपल्याकडे बीजीएमआय मन लावून खेळणारी कितीतरी मुलं असंच खेळतात, सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांवरून भांडतात. हेच मोशन कंट्रोल आहे. ज्या मुलाला ते ‘लावायचं’ म्हणून किट आणायचं, तो ते रोज वापरतोय.

निन्टेन्डोच्या २०१५ च्या ‘स्प्लॅटून’मध्येही तेच. स्पर्धेत खेळणारे जवळपास सगळे कंट्रोलर कलवून नेम धरतात, कारण नुसत्या दांडीने तितका बारीक नेम लागत नाही. २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’नेही जायरोची सोय सुधारली आणि वाढवली. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रात जायरो आहेच. म्हणजे दार उघडं आहे, फक्त फॉरवर्डवाले ज्या दारावर धडका देतायत ते नव्हे. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाच्या टोकाने मारतात. खांद्यापासून हात फिरवला तर जोर येतो, सोंगटी मात्र पॉकेटात जात नाही. मुरलेल्या गेमराने मोशन स्वीकारलं ते बटणांच्या जोडीला, मनगटापुरतं आणि नेम सुधारला म्हणून. बटण काढून घेऊन त्याला तलवार फिरवायला सांगा, तो दुसऱ्या दिवशी जुना कंट्रोलर शोधेल.

व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर पडदा चढवून खेळायच्या गेमांचं, कुणी म्हणेल. बरोबर आहे. ‘बीट सेबर’ किंवा २०२० चा ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हे हातांनीच खेळायचे आणि गंभीर गेमरांनी ते मानले. पण तिथे दोन्ही हातांची जागा अचूक मोजली जाते, डोकं वळवलं की दृश्य वळतं, आणि हातातल्या कंट्रोलरला बटणं असतातच. लिंकेतल्या दोन प्लॅस्टिकच्या काठ्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पाचव्यावर वेळ घालवणार नाही. बटण दाबल्याने नसा सुकत नाहीत. तासन्‌तास न उठता खेळल्याने अंगठा आणि मनगट दुखतं, ते कशानेही दुखेल. उलट वीवर टेनिस खेळून स्वतःचा खांदा धरल्याचं पत्र एका डॉक्टरानेच २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला लिहिलं होतं, आणि दुखण्याला ‘वीआयटिस’ असं गमतीचं नाव दिलं होतं. त्याआधी डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोला रिमोटचे सुमारे ३२ लाख मनगटी पट्टे बदलून द्यावे लागले, कारण जुने तुटून रिमोट हातातून उडत होते.

राहता राहिला जपान. आजही प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोचं स्विच ही दोन्ही जपानी गेमयंत्रं बटणांसह येतात, हे कुठल्याही दुकानाच्या काचेतून दिसतं. पण त्याहून चांगला दाखला निन्टेन्डोनेच दिलाय. २०११ चा ‘झेल्डा: स्कायवर्ड स्वोर्ड’ हा त्यांच्या मोशनचा मानदंड होता. तलवार जशी फिरवाल तशी पडद्यावर फिरायची, त्यासाठी जायरो असलेला मोशन प्लस रिमोटच लागायचा, बटणांनी खेळायची सोयच नव्हती. जुलै २०२१ मध्ये तोच गेम स्विचवर पुन्हा आला, तेव्हा निन्टेन्डोने त्यात तलवार उजव्या दांडीने फिरवायचा पर्याय दिला. हात न हलवता.